तळ्याची चव

काटेकाकांना हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण का ठेवलं ते रोज दुपारी बघायला मिळायचं. तळलेला मासा ताटात आला की ते शेपटीजवळ दोन बोटं लावायचे, हलका हिसका द्यायचे, आणि डोक्यापासून शेपटीपर्यंतचा अख्खा काटा कंगव्यासारखा हातात यायचा. मग तो काटा ते नव्या गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरायचे. गिऱ्हाईक 'वा' म्हणेपर्यंत खाली घ्यायचे नाहीत. एकदा एक गिऱ्हाईक फोनवर बोलत होतं, तेव्हा काकांचा हात अगदी भरून आला होता.

तळ्याच्या काठावर त्यांची खानावळ होती. पाटीवर 'तळ्याची चव' असं लिहिलेलं होतं आणि त्याखाली माशाचं चित्र होतं, जे रंगाऱ्याने घाईत काढल्यामुळे चपलेसारखं दिसायचं. तव्यावर काकू असायच्या. गल्ल्यावर आणि बोलण्यावर काका. लोक लांबून गाड्या काढून यायचे आणि बोटं चाटत म्हणायचे, की अशी चव दुसरीकडे कुठे मिळत नाही.

"मिळेल कशी?" काका म्हणायचे. "आपल्या तळ्याची मातीच वेगळी. माझे डोळे बांधा आणि पुढे शंभर ठिकाणचे मासे ठेवा. आपला कुठला ते नुसत्या जिभेवर सांगतो."

हे भाषण काकूंनी इतक्या वेळा ऐकलं होतं की ते सुरू झालं की त्या मासा तव्यावर टाकायच्या आणि संपलं की उलटायच्या. एक बाजू बरोबर खरपूस व्हायची.

तळ्याच्या पलीकडच्या काठाला तेलाचा डेपो होता. तिथे टँकर यायचे, भरायचे, आणि मागच्या शेडमध्ये धुतले जायचे. धुतलेलं पाणी खड्ड्यात जायचं, खड्ड्यातून नळात आणि नळातून तळ्यात. सकाळचं ऊन पडलं की पाण्यावर जांभळे, हिरवे, सोनेरी पट्टे फिरताना दिसायचे. बाहेरून आलेली माणसं त्याचे फोटो काढायची. काकांनी तसाच एक फोटो मोठा करून खानावळीत लावला होता.

काकांची एकुलती एक मुलगी माशांची डॉक्टर होती. म्हणजे खरोखरची डॉक्टर, तळ्यापासून हाकेच्या अंतरावर जी सरकारी प्रयोगशाळा होती तिच्यात. ती नोकरीला लागली तेव्हा गावाने तिला छळून घेतलं. माशाला ताप आला की थर्मामीटर कुठे लावतेस, सर्दी झाली तर नाक कुठलं पुसतेस, असं काय काय. काकांना मात्र आनंदच झाला होता. घरातच डॉक्टर असल्यावर मासे आणखी गुटगुटीत मिळतील असा त्यांचा हिशोब होता.

एक दिवस तिने काकांना प्रयोगशाळेत बोलावून घेतलं.

"बाबा, ह्यात बघा जरा."

काकांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आधी त्यांना स्वतःच्या पापण्याच दिसल्या, आणि त्यांनी 'अरे बापरे, भयंकर आहे' असं सांगूनही टाकलं. मग तिने काहीतरी फिरवलं आणि दोऱ्याएवढं एक पिल्लू दिसायला लागलं. नुकतंच अंड्यातून निघालेलं. दोन काळे ठिपके म्हणजे डोळे, आणि गळ्याखाली काहीतरी पटापट उडत होतं ते हृदय.

"हे आमच्या टाकीतलं. स्वच्छ पाण्यातलं. आता हे बघा, आपल्या तळ्यातल्या अंड्यातलं."

दुसरं पिल्लू वाकडं होतं. गळ्याखाली त्याला बुडबुड्यासारखी सूज होती आणि त्या सुजेत हृदय ओढून ताणून हलत होतं. ते पुढे जायला बघायचं आणि गोल फिरून परत तिथेच यायचं.

"हा असा का करतोय?"

"त्याला सरळ पोहता येत नाही."

"शिकेल."

"नाही शिकणार, बाबा. उद्या-परवा मरेल."

काकांनी डोळा काढला नाही. पिल्लाने आणखी एक गिरकी घेतली.

मग तिने बाकीचंही दाखवलं. तेलातला जो भाग पाण्यात विरघळतो तो माशाच्या अंगात शिरतो, अंड्यात शिरतो. मोठ्या माशांचे कल्ले जाड होऊन एकमेकांना चिकटतात, मग त्यांना पाण्यात राहून दम लागतो. यकृत सुजतं. पोहायच्या परांच्या कडा कुरतडल्यासारख्या होतात. तिने एका माशाच्या पित्ताचा थेंब काचेवर घेऊन त्यावर जांभळा दिवा धरला, तर तो थेंब निळा चमकायला लागला. "हे तेल आहे, बाबा. माशाने गिळलं, अंगात जिरवलं आणि आता टाकून द्यायला बघतोय. आणि माद्यांना गाभोळी धरत नाही."

गाभोळी म्हटल्यावर काकांचे कान टवकारले. माशाच्या पोटातली अंडी, तव्यावर कुरकुरीत तळलेली, ही खानावळीची खरी शान होती, आणि गेले काही हंगाम ती मिळेनाशी झाली होती. मिळाली तरी वाळक्या शेंगेएवढी. त्यावरून काकांनी होडीवाल्याशी कडाक्याचं भांडण करून घेतलं होतं, की भरलेले मासे तू परस्पर दुसऱ्याला विकतोस. होडीवाला आईची शपथ घेऊन नाही म्हणत होता. आता तो खरं बोलत होता असं दिसत होतं, आणि ही गोष्ट काकांना पिल्लापेक्षाही जास्त लागली.

"आणि हे सगळं चवीतही उतरतं," मुलगी म्हणाली.

"हे बघ, कल्ल्यांचं तू बोल, पित्ताचं बोल. चवीबद्दल बोलायचं काम नाही. ते माझं खातं आहे."

तिने आपला अहवाल वर पाठवला, आणि मग व्हायचं तेच झालं. सभा बोलावली गेली. डेपोचे साहेब आले. हे साहेब फार गोड बोलायचे. समोरच्याचं म्हणणं ते मान डोलवत पूर्ण ऐकायचे आणि मग त्याने काही म्हटलंच नाही असं वागायचे.

"माशांना काय, कशानेही काहीही होतं," साहेब म्हणाले. "गरम पाणी, जंतू, म्हातारपण. त्यांची यकृतं कापून काय बघता? खाणाऱ्याला तेल लागतं का ते बघा ना. तसा नियमच आहे."

नियम खरोखरच होता. तळ्यातला मासा आणि स्वच्छ पाण्यातला मासा लोकांना चाखायला द्यायचा. चाखून फरक ओळखता आला तर तेल माशात उतरलं हे सिद्ध. मग तळ्यातल्या माशाची विक्री बंद, आणि ज्याचं तेल असेल त्याने नळ बुजवून तळं साफ करून द्यायचं. फरक ओळखता आला नाही तर मासा चांगला आणि सगळं होतं तसं चालू.

"आणि चाखायला बाहेरची माणसं कशाला?" साहेब पुढे म्हणाले. "ज्यांचा जन्म माशात गेला तीच बसवा. मासळीवाल्या मावशी आहेत, होडीवाले आहेत, आपले काटेकाका तर आहेतच. ह्यांच्यापेक्षा तयार जीभ आणायची कुठून?"

टाळ्या पडल्या. काकांच्या सगळ्यात मोठ्या होत्या. त्यांनी उठून चारी दिशांना हात जोडले. टाळी वाजवली नाही ती फक्त त्यांच्या मुलीने, आणि काकांना तिचा रागच आला.

तिने टाळी का वाजवली नाही ते त्यांना चाखायच्या दिवशी सकाळी कळलं. काकू मागच्या ओट्यावर माशांची खवलं काढत होत्या. काका आरशासमोर उभं राहून जीभ बाहेर काढून बघत होते. ती जीभ आज राष्ट्रीय कार्याला निघाली होती.

"बाबा, तुम्ही नियम वाचलात का? दारावर लावलाय."

"मला काय गरज? ओळखायचंय ना? ओळखतो."

"ओळखलंत तर काय होतं माहितीये?"

"काय?"

"खानावळ बंद होते."

काकांची जीभ बाहेरच राहिली.

"तळ्याचा मासा विकायचा नाही म्हणजे तुम्ही काय तळणार? चुकलात तर चालू राहते. तुम्ही खोटं उत्तर द्या असं मी म्हणत नाहीये. खरं द्या असंही म्हणत नाहीये. ते सांगायचा मला अधिकारच नाही. नियम सगळ्यांसाठी लावलाय, तुम्ही वाचला नाहीत म्हणून सांगितला."

"म्हणजे त्या साहेबाने आम्हाला बसवलं ते..."

"तुम्ही ओळखणार नाही म्हणून नाही, बाबा. तुम्हाला ओळखणं परवडणार नाही म्हणून."

आत्ता काकांना सभेतल्या टाळ्या आठवल्या आणि आपण हात जोडले होते तेही.

"मग आपण खायचं काय?" त्यांनी काकूंना विचारलं.

"आजवर खाल्लं ते पुरे झालं, असंच म्हणतेय ना ती," काकू म्हणाल्या आणि पुढचा मासा घेतला. "तुम्ही आता चुकून या. तुम्हाला त्याची प्रॅक्टिस नको."

काका वाटेने स्वतःला समजावत गेले. ती टेबलं, तो तवा, काकूंच्या हातांवरचे भाजल्याचे डाग, मुलीचं शिक्षण, सगळं त्या खानावळीने उभं केलं होतं. त्यापुढे एका जिभेचं काय? एक दिवस मठ्ठ ठरली तर ठरली. पण ज्या जिभेचं उभ्या गावाला कौतुक सांगितलं, तिला आज त्याच गावासमोर बेअक्कल ठरवायची? परीक्षेत नापास व्हायला निघालेला माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

प्रयोगशाळेच्या बोळात बाकीचे चाखणारे आधीच येऊन बसले होते. मासळीवाल्या मावशी, होडीवाला, बर्फवाला, आणि जाळी विणणारे दोघे भाऊ. एरवी ही मंडळी एकत्र आली की कान किटायचे. आज सगळे भिंतीकडे बघत होते.

"मला जरा सर्दीच झालीये," मावशी म्हणाल्या. "नाक बंद. काही कळेलसं वाटत नाही."

"मला पण," होडीवाला म्हणाला.

"मी तर काल गरम चहाने जीभ भाजून घेतली," बर्फवाला म्हणाला.

दोघे भाऊ एकदमच शिंकले. काकांनीही एक शिंक काढून बघितली, ती नीट जमली नाही.

आत प्रत्येकाला फळ्यांचा वेगळा कप्पा होता, शेजारच्याचं तोंड दिसू नये म्हणून. वर लाल दिवा, माशाचा रंग कळू नये म्हणून. समोर झाकण घातलेल्या तीन वाट्या. वाट्या ठेवणारी बाई सांगत होती, तिन्हींत वाफवलेला मासा आहे, जात एकच. दोन वाट्या एका पाण्यातल्या, तिसरी वेगळ्या पाण्यातली. वेगळी कुठली, तिचा आकडा चिठ्ठीवर लिहायचा. अशा सहा फेऱ्या.

"ह्यात मीठ?" काकांनी विचारलं.

"नाही, काका."

"तिखट?"

"नाही."

"मग असा काय गुन्हा केलाय हो ह्या माशाने?"

त्यांनी पहिल्या वाटीतला तुकडा तोंडात टाकला. काहीच लागलं नाही. दुसरीतला टाकला. तोच प्रकार, ओला कापूस चघळल्यासारखं. तिसऱ्या वाटीचं झाकण उचललं आणि त्यांना हायसं वाटलं. हा आपला. लाखात ओळखू येईल असा.

तुकडा जिभेवर ठेवला आणि ते थांबले.

काकूंचा मसाला नव्हता. लिंबू नव्हतं, तव्याचा धूर नव्हता, गिऱ्हाइकांचं 'वा' नव्हतं. नुसता मासा होता, आणि माशात दुसरंच काहीतरी होतं जे काकांना फार ओळखीचं लागलं. त्यांनी डोळे मिटले. खानावळीच्या सुरुवातीच्या दिवसांत त्यांच्याकडे रॉकेलचा स्टोव्ह होता. रोज सकाळी ते नरसाळ्याने त्यात रॉकेल भरायचे, आणि कितीही साबण लावला तरी दुपारपर्यंत बोटांना वास राहायचा. तोच हा. मातीबिती काही नाही. मसाल्याच्या आड तो इतकी वर्षं बिनभाड्याचा राहत होता, आणि काकांनी त्याला घरचा माणूस समजून पाटीवर त्याचं नाव रंगवून घेतलं होतं.

काकांनी घटाघटा पाणी प्यायलं. मग चिठ्ठीवर वेगळी वाटी म्हणून पहिल्या वाटीचा आकडा लिहिला. पुढच्या फेरीतही असंच केलं. त्याच्या पुढच्याही. दर वेळी बरोबर वाटी कुठली ते झाकण उचलताच कळायचं, आणि दर वेळी ते दुसरीच लिहायचे. शेवटची चिठ्ठी देताना त्यांना वाटलं, आपण आपल्याच मुलाला ओळखत नाही म्हणून सांगून आलो.

निकाल दालनात लागला. प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंनी सगळ्या चिठ्ठ्या तपासल्या, पुन्हा तपासल्या, चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"सहा जणांच्या सहा फेऱ्या, छत्तीस चिठ्ठ्या," त्या म्हणाल्या. "एकही बरोबर नाही."

"झालं तर मग!" साहेब उभेच राहिले. "तळ्यातला मासा चांगला. आपल्या तज्ज्ञांनीच सांगितलं."

काकांनी तिरक्या नजरेने मावशींकडे बघितलं. मावशी होडीवाल्याकडे बघत होत्या. होडीवाला छताकडे. म्हणजे हे सगळेच! काकांना आधी संताप आला, की ह्या लोकांना काही लाजलज्जा आहे का, आणि मग आपणही ह्यांच्यातच आहोत हे लक्षात आलं.

तेवढ्यात त्यांची मुलगी बोलली. ती मोठ्या बाईंच्या मागे उभी होती, आणि तिचा आवाज शांत होता.

"बाई, हे असं होऊच शकत नाही. कुणी डोळे मिटून नुसतं बोट ठेवलं असतं, तरी तीनातून एकदा ते बरोबर वाटीवर पडलं असतं. छत्तीसमध्ये बाराएक तरी बरोबर यायला हवी होती. इथे एक नाही. ओळखल्याशिवाय इतकं चुकता येत नाही."

मावशी आपल्या सर्दीला जागून एकदा शिंकल्या.

"ते काही असो," साहेब म्हणाले. ते अजून हसत होते, पण फक्त तोंडाने. "नियमात 'ओळखता आलं तर' असं लिहिलंय. 'चुकून दाखवलं तर' असं लिहिलेलं नाही. बरोबर उत्तर एकही नाही. बाई, करा सही."

मोठ्या बाईंनी नियमाचा कागद पुन्हा वाचला. "नियम तसाच आहे," त्या शेवटी म्हणाल्या आणि त्यांनी पेन उघडलं.

खानावळ वाचली होती. काकांच्या छातीवरचा धोंडा उतरायला हवा होता. साहेब त्यांच्याजवळ आले, त्यांचा हात हातात घेतला आणि आपल्या गोड आवाजात म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका हं काका. रोज तिखट खाऊन जिभेचं चामडं होतंच माणसाच्या. तुमचे डोळे बांधून मासा रॉकेलमध्ये बुडवून दिला, तरी तुम्ही 'वा' म्हणाल."

काकांनी मुलीकडे बघितलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. ती मुद्दाम खिडकीबाहेर बघत होती, त्यांच्यावर ओझं नको म्हणून. ती लहान असताना काकांनी काही चुकीचं केलं, म्हणजे कुणा गिऱ्हाइकाला तोडून बोलले, तर ती अशीच दुसरीकडे बघायची.

पुढे जे झालं ते नेमकं कशामुळे झालं, हे काकांना आजही सांगता येत नाही. कधी ते म्हणतात की ते गोल गोल फिरणारं पिल्लू डोळ्यांसमोर आलं. कधी म्हणतात, मुलीची पाठ बघवली नाही. काकूंचं मत असं की निव्वळ भाव खायची सवय, दुसरं काही नाही.

"वाट्या आणा," काका म्हणाले.

"काय?"

"वाट्या आणा म्हणतो! मी मुद्दाम चुकवलंय सगळं. सगळ्यांसमोर सांगतो, दुकान बंद पडेल म्हणून चुकवलं. आता बरोबर सांगतो. आणि बाहेर आणा वाट्या, उजेडात, तो लाल दिवा नको. बांधा डोळे."

"असं नाही चालणार," साहेब घाईने म्हणाले. "एकदा झालं ते झालं."

मोठ्या बाईंनी पेन बंद केलं. "एकदाच चाखायचं असंही नियमात लिहिलेलं नाही, साहेब. तुमचा रुमाल द्याल का?"

काकांचे डोळे साहेबांच्याच रुमालाने बांधले गेले. नव्या वाट्या आल्या. काकांनी चाखायचा त्रास घेतलाच नाही. झाकण उचलायचे, नाक खाली न्यायचे आणि सांगायचे. "ही वेगळी. ही आमची. ह्यात दोन आमच्या, एक ह्यांच्या टाकीतली. आणि बाई, ही वाटी कालच्या माशाची आहे, हे शिळं देऊ नका लोकांना." मोठ्या बाई एकेक आकडा पडताळून बघत होत्या आणि दर वेळी मान डोलवत होत्या.

चौथ्या फेरीला मावशींच्याने राहवेना. "सरका जरा," त्यांनी काकांना कोपर मारलं. "मलाही ओळखता येतं. तुमच्या आधी ओळखलं होतं मी." मग होडीवाला उठला, मग दोघे भाऊ, आणि बघता बघता त्या टेबलावर अशी झुंबड उडाली की फुकट वाटप चालू आहे असं कुणालाही वाटावं. सर्दी सगळ्यांची बरी झाली होती. बर्फवाल्याने तर एक वाटी झाकण न उघडताच ओळखली, पण ती धरली नाही. दुसऱ्यांदा एकही उत्तर चुकलं नाही.

डेपोचे साहेब रुमाल न घेताच गेले.

काका परत निघाले तेव्हा त्यांची छाती अर्ध्या वाटेपर्यंत फुगलेली होती. सगळीच्या सगळी बरोबर! शिळा मासासुद्धा पकडला! मग लांबून पाटी दिसली, ती चपलेसारखी मासोळी दिसली, आणि छाती खाली बसली. त्यांनी काय केलं होतं ते त्यांना आत्ता कळलं. काकूंना काय सांगायचं, ह्याची जुळवाजुळव करत ते मागच्या दाराने आत गेले.

चूल थंड होती. तवा घासून पुसून खिळ्याला टांगलेला होता. तव्याचं बूड इतकं चकचकीत त्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर पाहिलं नव्हतं.

"सगळी बरोबर?" काकूंनी विचारलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? तुम्ही गेल्या गेल्याच घासायला घेतला." त्या पदराला हात पुसत होत्या, आणि त्यांचे डोळे लाल होते. "चुकून या म्हटलं खरं. पण आलात असतात ना, तर मला जेवण गेलं नसतं."

काका खुर्चीत बसले, तर समोरच तो रंगीत पाण्याचा फोटो होता. मग त्यांनी उठून तो काढला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला.

संध्याकाळी मुलगी घरी आली ती टाकीतला एक मासा घेऊन. मोठ्या बाईंनी दिला होता. काकूंनी तवा पुन्हा उतरवला. मसाल्याच्या डब्याकडे त्यांचा हात गेला, तर काका नको म्हणाले. नुसतं मीठ लावून मासा भाजला आणि तिघं एका ताटाभोवती बसली.

काकांनी पहिला घास घेतला. चघळला. आणखी चघळला.

"काही लागतच नाही गं."

"मलाही," काकू म्हणाल्या. "पाण्यात भिजवलेला पाव खाल्ल्यासारखं."

मुलगीही गुपचूप खात होती. मग म्हणाली, "मलाही नाही आवडत. मी बाईंना आधीच सांगितलं होतं, मला चाखायला बसवू नका. मी ओळखलं असतं, पण चांगला कुठला विचारलं असतं तर आपलाच म्हटलं असतं. दुसरी चव मला माहीतच नाही ना, बाबा. मी वाढलेच त्याच्यावर."

काकांचा घास हातातच राहिला.

ती लहान होती तेव्हा तिला तेच भरवायचे. काकू तव्यावर, म्हणून. मांडीवर घेऊन बसायचे, मासा कुस्करायचे आणि प्रत्येक घास दोन बोटांत चोळून बघायचे. केसाएवढा काटाही घशात जाता कामा नये. गिऱ्हाईक खोळंबलं, ओरडलं, उठून गेलं, तरी घास पुन्हा चोळायचे आणि मगच तिच्या तोंडात द्यायचे. तिचा आवडता तुकडा पोटाजवळचा, चरबीचा. सगळ्यात जास्त चव त्यातच असते म्हणून तोही तिलाच द्यायचे.

"तळं साफ व्हायला किती दिवस लागतील?" त्यांनी विचारलं, कारण दुसरं काहीतरी विचारायचं होतं आणि ते विचारवत नव्हतं.

"वर्षं लागतील. पण होईल. नळ बंद झाला की पिल्लं आधी सरळ व्हायला लागतात."

"गाभोळी?"

"ती पण धरेल."

मग काकांच्या तोंडून निघालंच. "काटे सगळे काढले होते गं मी. बारीकसुद्धा एक ठेवला नव्हता."

"माहितीये, बाबा."

तिने ताट त्यांच्याकडे सरकवलं. काकांनी शेपटीजवळ दोन बोटं लावली, हलका हिसका दिला, आणि अख्खा काटा हातात आला. तो त्यांनी कुणाच्या नाकासमोर धरला नाही. ताटाच्या कडेला ठेवला, आणि मग एक घास घेऊन दोन बोटांत चोळून बघू लागले.